विरजण, मेणबत्ती आणि सावली: सहावीतल्या मुलीसाठी घरचे प्रयोग

वाचकाचे पत्र

माझी मुलगी सहावीत शिकते. तिच्या शाळेत २० जानेवारीला विज्ञान प्रदर्शन आहे. वर्गातील बहुतेक मुलांचे पालक दुकानातून तयार प्रतिकृती विकत आणतात. ज्वालामुखी, पवनचक्की, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण असे काही ना काही असते. गेल्या वर्षी आम्हीही तेच केले आणि परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला मुलगी गप्प राहिली. या वर्षी घरातल्याच वस्तू वापरून तिने स्वतः काही करावे, असे आम्हा दोघींनाही वाटते. मात्र माझे शिक्षण वाणिज्य शाखेतले आहे आणि विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. मला स्वतःला उत्तरे ठाऊक नसताना मी तिला मदत कशी करावी? पहिलीतला धाकटा मुलगाही 'मला पण प्रयोग हवा' म्हणून हट्ट धरतो. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक आई, बार्शी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी गेल्या वर्षी गप्प राहिली, याचा दोष तिच्याकडे जात नाही. तो त्या प्रतिकृतीकडे जातो. थर्माकोलचा डोंगर रंगवून त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतले की फेस येतो, पण फेस येणार हे ओतण्याआधीच सर्वांना माहीत असते आणि ओतून झाल्यावर कोणाच्याही माहितीत काही भर पडत नाही. शिवाय खऱ्या ज्वालामुखीचा सोडा-व्हिनेगरशी काही संबंध नाही. तिथे वितळलेला खडक आणि त्यात दाबाखाली विरघळलेले वायू असतात. त्यामुळे परीक्षकाने 'असे का होते?' एवढे विचारले तरी विकत आणलेल्या वस्तूजवळ उभ्या असलेल्या मुलाला सांगण्यासारखे काही सापडत नाही. याउलट सुरुवात वस्तूऐवजी प्रश्नापासून केली, तर उत्तर मुलीने स्वतः मोजून काढलेले असते आणि स्वतः मोजलेल्या गोष्टीविषयी बारा वर्षांचे मूल न थांबता बोलते.

प्रश्न मात्र नीट निवडावा लागतो. 'दही कसे बनते?' हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न झाला. त्याचे उत्तर उतरवून काढता येते. 'विरजण दुप्पट घातले तर दही निम्म्या वेळात लागते का?' हा प्रयोगाचा प्रश्न आहे, कारण त्यात एकच गोष्ट बदलायची आहे, एकच गोष्ट मोजायची आहे आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे आहे. ही एक अट पाळली गेली, तर साधने वाटी-चमच्यांची असली तरी प्रकल्प पक्का होतो. ती पाळली गेली नाही, तर कितीही महाग साहित्य आणले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

हा दह्याचाच प्रश्न मी आपल्याला सर्वांत आधी सुचवतो, कारण थंडीत दही लवकर लागत नाही ही आपल्या घरातली रोजची अडचण आहे आणि तिच्यातच उत्तम प्रयोग दडलेला आहे. सव्वा लिटर दूध एकदाच उकळून, बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्यावे आणि एकसारख्या दहा वाट्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर ओतावे. औषधाच्या बाटलीसोबत येणारे छोटे मोजपात्र यासाठी पुरते. विरजणाचे दही आधी चांगले घुसळून एकजीव करून घ्यावे, म्हणजे प्रत्येक चमच्यात सारखाच माल येईल. दोन वाट्यांत पाव चमचा, दोन वाट्यांत अर्धा, दोन वाट्यांत एक आणि दोन वाट्यांत दोन चमचे विरजण घालून सर्व वाट्या सारख्याच ढवळाव्यात. प्रत्येक मात्रेच्या दोन वाट्या घेण्याचे कारण असे की एखादी वाटी धक्क्याने किंवा आणखी कशाने बिघडली, तर दुसरीवरून ते लगेच कळते. उरलेल्या दोन वाट्यांपैकी एकीत काहीच घालू नये. दुसरीत चमचाभर विरजण घालावे, पण ते आधी थोड्या पाण्यात मिसळून, खळखळून उकळून आणि पूर्ण गार करून.

या शेवटच्या दोन वाट्या प्रयोगाचा कणा आहेत. विरजण न घातलेले दूध तितक्या वेळात दही होत नाही, यावरून फरक विरजणामुळेच पडला हे सिद्ध होते; आणि उकळलेल्या विरजणाने दही लागत नाही, यावरून विरजणात असे काहीतरी आहे जे उकळल्यावर मरते, हे मुलीला सूक्ष्मदर्शकाशिवाय समजते. ते म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू. दुधातील साखरेपासून ते आम्ल बनवतात, दूध हळूहळू आंबट होत जाते आणि त्याचा सामू (pH, तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) सुमारे ६.६ वरून ४.६ च्या आसपास उतरला की दुधातील केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून बसते. त्यालाच आपण दही लागले म्हणतो.

वाट्या झाकून, सर्व एकाच जागी ठेवून, चौथ्या तासापासून दर तासाने पाहणी करावी. चमचा घालून बघू नये, त्याने लागत आलेले दही मोडते. वाटी अगदी हलकेच कलती करावी. दूध काठाकडे धावले तर 'पातळ', थरथरले पण धावले नाही तर 'अर्धवट' आणि जागचे हलले नाही तर 'लागले', असे तीनच शब्द ठरवून वेळेसह वहीत लिहावेत. हे काम सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरू करावे, नाहीतर निकाल मध्यरात्री येतो आणि तो पाहायला कोणीच जागे नसते.

पुढचे दोन-तीन मुद्दे फक्त आपल्यासाठी आहेत, मुलीला ते आधी सांगू नयेत. विरजण दुप्पट केल्याने वेळ निम्मा होत नाही. जिवाणू एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात, त्यामुळे दुप्पट विरजणाने सुरुवात केली तर वाचतो तो फक्त एका दुपटीचा वेळ. बहुतेक मुले आणि बहुतेक मोठी माणसेही 'दुप्पट घातले की निम्म्या वेळात' असा अंदाज करतात आणि वाट्या तो अंदाज खोटा ठरवतात. मग मुलगी साहजिकच विचारील, 'मग थंडीत लवकर लावायचे तरी कसे?' तेव्हा दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी विरजण सगळीकडे एक चमचाच ठेवून जागा बदलावी: एक वाटी ओट्यावर, एक जाड टॉवेलात गुंडाळून पोळ्यांच्या इन्सुलेटेड डब्यात आणि एक फ्रिजमध्ये. डब्यातली वाटी आधी लागते आणि फ्रिजमधली दुसऱ्या दिवशीही बहुधा पातळच राहते, कारण या जिवाणूंना साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब मानवते. विरजणाच्या मात्रेपेक्षा तापमानाचा प्रभाव किती मोठा आहे, हे दोन तक्ते शेजारी-शेजारी लावल्यावर एका नजरेत कळते. तापमान मोजण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेतील साधा तापमापक शिक्षकांकडे मागावा. तापाचा थर्मामीटर मात्र दुधात घालू नये. तो जेमतेम ३५ ते ४२ अंशांपुरताच बनवलेला असतो आणि काचेचा असेल तर गरम दुधात फुटण्याची भीती असते.

दुसरा प्रयोग सुचवताना मला थोडे अधिक स्पष्ट बोलावे लागेल, कारण तो असंख्य ठिकाणी चुकीच्या स्पष्टीकरणासह शिकवला जातो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. खोलगट ताटलीत रंगीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती पेटवतात, वर काचेचा ग्लास पालथा घालतात, मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. मग सांगतात की हवेतला प्राणवायू जळून संपला, तो हवेच्या एक पंचमांश असतो, म्हणून पाणी ग्लासाच्या एक पंचमांश उंचीपर्यंत चढले. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो हे खरे आहे. पाणी चढण्याचे हे कारण मात्र खरे नाही, आणि ते खरे नाही हे आपली मुलगी स्वतः दाखवून देऊ शकते.

तिने आधी नुसते लक्ष देऊन पाहावे. प्राणवायू जळाल्यामुळे पाणी चढत असते, तर मेणबत्ती जळत असताना ते सावकाश वर यायला हवे होते. प्रत्यक्षात ज्योत तेवत असेपर्यंत ते फारसे हलत नाही आणि विझल्याबरोबर भरभर चढते. ग्लास पालथा घालताना त्याच्या काठाखालून कधी कधी बुडबुडे बाहेर पडतात, तेही तिने टिपून ठेवावे. नंतर तोच ग्लास, तितकेच पाणी आणि सारख्या उंचीच्या मेणबत्त्यांचे तुकडे घेऊन एकदा एक, मग दोन, मग तीन मेणबत्त्या लावाव्यात आणि प्रत्येक वेळी पाणी कुठवर आले तिथे ग्लासावर मार्करने खूण करावी. ग्लासातला प्राणवायू तर तिन्ही वेळा तेवढाच आहे. तरीही तीन मेणबत्त्यांच्या वेळी पाणी अधिक चढते. म्हणजे कारण दुसरेच असले पाहिजे. ते असे की ज्योतीने ग्लासातली हवा तापते, प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेण जळताना प्राणवायू खर्च होतोच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफ गार होऊन जिरते, त्यामुळे पाणी चढण्यात ज्वलनाचाही थोडा वाटा असतो, पण मुख्य काम हवेच्या आकसण्याचे आहे. ज्योत विझते तेव्हा ग्लासातला सगळा प्राणवायू संपलेलाही नसतो.

शंका घेणाऱ्या परीक्षकासाठी एक पूरक प्रयोग तयार ठेवावा, ज्यात काहीच जळत नाही. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीत गिझरचे गरम पाणी भरून मिनिटभर ठेवावे, पाणी ओतून टाकावे, झाकण लगेच घट्ट लावावे आणि बाटली गार पाण्याखाली धरावी. बाटली बघता बघता चेपते. ज्योत नसतानाही नुसत्या थंड होण्याने आतला दाब घटतो, हे त्यातून हातात घेऊन दाखवता येते. सगळीकडे सांगितले जाणारे एक स्पष्टीकरण तीन मेणबत्त्यांच्या तुकड्यांनी तपासून खोडून काढणे हे सहावीतल्या मुलीसाठी फार मोठे काम आहे, आणि माझ्या मते ते कोणत्याही फिरत्या प्रतिकृतीपेक्षा मोलाचे आहे.

या दोन्हींपेक्षाही मला जवळचा वाटणारा प्रयोग तिसरा आहे. त्याला खर्च शून्य आहे. फक्त तो २२ डिसेंबरच्या आधी सुरू करावा लागतो, म्हणजे आपल्या हातात अजून वेळ आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपण लहानपणापासून ऐकतो. ते तपासायचे. गच्चीवर सपाट जागी, कुंडीत किंवा मातीच्या डब्यात एक सरळ काठी अशी रोवावी की तिचे वरचे टोक जमिनीपासून बरोबर १ मीटर उंच येईल; काठी उभी आहे की नाही हे दोऱ्याला किल्ली बांधून ओळंब्याने पाहावे. दुपारी बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपावे आणि त्यातली सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहावी. असे दर रविवारी आणि शाळेची वेळ जमेल तेव्हा मधल्या एखाद्या वारी करावे. जानेवारीत शेवटची वेळ एक वाजेपर्यंत वाढवावी.

बार्शीत २२ डिसेंबरच्या सुमारास ही सर्वांत आखूड सावली सुमारे ८९ सेंटिमीटर भरेल आणि १४-१५ जानेवारीला ती सुमारे ८२ सेंटिमीटरवर आलेली असेल. म्हणजे सूर्य संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच उत्तरेकडे वळलेला असतो आणि ही गोष्ट मुलीने काठी आणि टेपने स्वतः पकडलेली असेल. आपली संक्रांत ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्य मकर राशीत शिरण्याशी जोडलेली आहे. पृथ्वीचा अक्ष अत्यंत संथपणे डोलत असल्यामुळे सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरेकडे वळणे आणि हे राशिसंक्रमण यांच्यात सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या गतीने अंतर पडत गेले. पुष्कळ शतकांपूर्वी या दोन घटना एकत्र येत असत. यात परंपरेला खोटे पाडण्यासारखे काही नाही. उलट ज्यांनी हा सण सूर्याच्या वळण्याशी जोडला त्यांनी आकाश किती बारकाईने पाहिले होते, हे त्यातून मुलीला कळते. प्रदर्शन २० जानेवारीला, म्हणजे संक्रांतीनंतर लगेचच असल्यामुळे या प्रकल्पाला ऐकणारे कान आयतेच मिळतील.

याच नोंदींत आणखी एक आश्चर्य आहे. सर्वांत आखूड सावली बरोबर बारा वाजता पडत नाही. बार्शीत ती डिसेंबरच्या अखेरीस बारा वाजून २५-३० मिनिटांच्या दरम्यान येते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली आहे, बार्शी त्याच्या जवळपास ७ अंश पश्चिमेला आहे आणि सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. गुणाकार मुलीला करू द्यावा. नागपूरला राहणारा एखादा मामा किंवा मावशी त्याच दिवशी तेच मोजायला तयार झाली, तर तिथली मध्यान्ह सुमारे १४ मिनिटे आधी आलेली दिसेल. जानेवारीच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची वेळ आणखी काही मिनिटांनी पुढे सरकते, कारण सूर्याभोवती पृथ्वीची गती वर्षभर सारखी नसते आणि तिचा अक्षही कललेला असतो. हे सगळे समजावून सांगणे सहावीसाठी जड जाईल, पण वेळ सरकली ही नोंद तिने जरूर मांडावी. हौस टिकली तर १२ मेच्या आसपास हीच काठी पुन्हा उभी करावी. त्या दिवशी मध्यान्हीला तिची सावली नाहीशी होते. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हा शून्य सावलीचा दिवस राज्यात प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा लाभतो. दुसरा पावसाळी ढगांत बहुधा हरवतो, म्हणून मे महिन्यातला सोडू नये.

रंगांचे काही हवे असेल तर हळद आहेच. हळदीचा डाग पडलेल्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो आणि भरपूर पाण्याने खळबळल्यावर पुन्हा पिवळा होतो, हे आपण धुणे धुताना शेकडो वेळा पाहिले असेल. हळदीतला कुर्क्युमिन हा रंग आम्लात पिवळाच राहतो आणि अल्कलीत, म्हणजे साबण-सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांत, लालसर तपकिरी होतो. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची किंवा टाकणखाराची प्रक्रिया करून बनवत, त्यामागेही हेच आहे. पातळ हळदीत कागद बुडवून, वाळवून त्याच्या पट्ट्या कापाव्यात आणि घरातील अंगाचा साबण, कपड्यांची वडी, भांड्यांची पावडर, शाम्पू, राखेचे पाणी, नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी असे सारे त्यावर तपासावे. नुसते 'लाल झाले, नाही झाले' यावर थांबू नये. एक चमचा द्रावणात किती चमचे पाणी घातल्यावर लाली दिसेनाशी होते ते मोजले की प्रत्येक पदार्थाला एक आकडा मिळतो आणि तक्ता तयार होतो. हळद आम्ल मात्र दाखवत नाही; लिंबू आणि साधे पाणी तिला सारखेच. त्यासाठी गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात भिजवावीत. त्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. या प्रयोगात खायचा चुना वापरण्याचा मोह होईल, तो टाळावा. चुन्याची पुडी दाबताना उडालेला चुना डोळ्यात गेल्यास नजरेला कायमची इजा होऊ शकते. कपड्यांच्या सोड्याने काम भागते, आणि तोही मुलीच्या हाताला लागला तर लगेच धुवावा.

आणि तिचे मन ज्वालामुखीतच अडकले असेल, तर तोही प्रश्नात बदलता येतो. बाटलीत दर वेळी ५० मिलिलिटर व्हिनेगर घ्यावे, फुग्यात अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण आणि एक छोटा चमचा सोडा भरून फुगा बाटलीच्या तोंडावर चढवावा, सोडा आत पाडावा आणि फुग्याचा घेर दोऱ्याने मोजावा. अर्ध्या-पाऊण चमच्यापर्यंत घेर वाढतो, पुढे वाढत नाही, कारण व्हिनेगरमधले आम्ल संपलेले असते. 'सोडा आणखी घातला तरी फुगा का वाढला नाही?' याचे उत्तर देणारी मुलगी रसायनशास्त्राच्या गाभ्याला हात घालते.

आता आपल्या खऱ्या चिंतेकडे येतो. आपल्याला उत्तरे ठाऊक नाहीत, ही या कामात अडचण मुळीच नाही. उत्तर ठाऊक असलेला पालक ते दोन मिनिटांत सांगून मोकळा होतो आणि मुलाचा प्रयोग तिथेच संपतो. आपण 'मलाही ठाऊक नाही, करून बघू' असे खरेपणाने म्हणू शकता. शिवाय वाणिज्य शाखेने आपल्याला जे शिकवले, तेच इथे सर्वांत उपयोगाचे आहे. प्रयोगवही म्हणजे रोजकीर्दच: ज्या दिवशी घडले त्याच दिवशी नोंद, तारीख, वेळ, परिमाण, आणि चुकीची नोंद खोडरबराने न पुसता तिच्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती. मुलीने प्रत्येक प्रयोगाआधी 'मला काय होईल असे वाटते आणि का' हे दोन ओळींत लिहावे आणि नंतर ते अजिबात बदलू नये. अंदाज चुकला तर तसेच लिहावे. परीक्षकांसमोर तक्त्याच्या शेजारी हीच वही, दुधाचे डाग पडलेली असली तरी, ठेवावी. सुबक अक्षरात पुन्हा उतरवून काढलेली वही ठेवू नये. तक्त्यावर प्रश्न, अंदाज, काय बदलले, काय सारखे ठेवले, काय मोजले आणि काय आढळले एवढेच असावे. अक्षर मुलीचे असावे. मोठ्यांनी लिहिलेला तक्ता लांबूनच ओळखू येतो.

या सर्वांपैकी एकच प्रकल्प निवडावा. तीन अर्धवट प्रयोगांपेक्षा एक पूर्ण केलेला बरा. माझ्याकडून मत विचाराल, तर सावलीचा घ्यावा, आणि ढगाळ दिवसांची भीती वाटत असेल तर दह्याचा हाताशी ठेवावा. मुलीला यात गोडी लागली, तर मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची माहिती शाळेत जरूर विचारावी. ती सहावी आणि नववीसाठी असते आणि तिच्या पुढच्या टप्प्यांत प्रात्यक्षिक परीक्षा आणि कृतिसंशोधन प्रकल्पही असतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे. पुण्याला जाणे झाले तर आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेबद्दल आधी चौकशी करून ती मुलांना अवश्य दाखवावी.

काही नियम मात्र सक्तीचे समजावेत. मेणबत्तीच्या प्रयोगाला आपण शेजारी हजर असावे, मुलीचे केस बांधलेले आणि ओढणी काढून ठेवलेली असावी, आणि पाण्याने भरलेली बादली हाताशी असावी. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्टचा असतो. विजेचे काही करायचे झाले तर ते फक्त टॉर्चच्या सेलवर करावे. सावली मोजताना सूर्याकडे पाहण्याची गरज नसते आणि पाहूही नये. स्वच्छतागृहाची आम्ले आणि ब्लीचिंग पावडर मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि ती दोन्ही एकत्र तर कधीच येऊ देऊ नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रयोगासाठी वापरलेले दही, विशेषतः बाहेर पडून राहिलेले बिनविरजणाचे दूध, कोणी खाऊ-पिऊ नये.

राहता राहिला धाकटा. पहिलीतल्या मुलाला तक्ते नकोत. त्याला हातात धरता येईल असे आणि लगेच दिसणारे काही हवे. बादलीभर पाणी आणि एक संत्रे त्याच्यापुढे ठेवावे आणि संत्रे बुडेल की तरंगेल असे विचारावे. ते तरंगते. मग त्याच्याकडूनच ते सोलून घ्यावे आणि पुन्हा पाण्यात टाकण्याआधी तोच प्रश्न विचारावा. साल काढल्यामुळे संत्रे हलके झाले, म्हणजे आता आणखी छान तरंगेल असे तो बहुधा म्हणेल, आणि सोललेले संत्रे तळाशी जाईल. सालीच्या भुसभुशीत पांढऱ्या थरात हवा असते, हे त्याला सांगण्याची घाई करू नये. साल वेगळी पाण्यात टाकून बघायचे त्याला सुचते का, याची थोडी वाट पाहावी. नाहीच सुचले तर त्याच्या मोठ्या बहिणीने सुचवावे.